वच्छलाबाईंनी सांगितलेला मद्रासी पिक्चर

कवठाटोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की वच्छलाबाई कापगतेंना मद्रासी येतं. ठाऊक असायला दुसरं काही कारण नव्हतं. पन्नास वर्षं त्या स्वतःच तसं सांगत आल्या होत्या. नवऱ्याला, चैतरामला, रेल्वेत खलाशाची नोकरी होती तेव्हा तीन वर्षं त्या गोंदियाला क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या, आणि भिंतीला भिंत लागून वल्लीअम्मा नावाची एक तमिळ बाई राहत होती. पुढे सासरे वारले, चैतराम नोकरी सोडून धानाच्या बांध्यांकडे परतला, आणि वच्छलाबाई येताना एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि हे मद्रासी एवढं घेऊन आल्या. ट्रंक गंजली. स्टोव्ह भंगारात गेला. मद्रासी तेवढं टिकलं, कारण ते कधी वापरावंच लागलं नाही.

खरं सांगायचं तर ते पाच शब्दांचं होतं. तन्नी म्हणजे पाणी, वा म्हणजे ये, पो म्हणजे जा, साप्पाडू म्हणजे जेवण आणि पोदुम म्हणजे पुरे. शेजारधर्माला एवढे शब्द पुष्कळ झाले. पिक्चर सांगायला पुरतील का, हा प्रश्न वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गावच्या मंडईच्या दिवशी, भरल्या ओसरीत उभा राहिला.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. भाऊबीज उलटली की एकेका गावाची मंडई भरत जाते. पाळणे येतात, भज्यांची दुकानं लागतात, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ उभा राहतो आणि घरोघरी पाहुणे उतरतात. पाहुण्यांबरोबर सोयरिकीही येतात. कुणी 'पोरगी पाहायला आलो' म्हणत नाही. 'मंडईले आलो होतो, म्हटलं चहा पिऊन जाऊ' म्हणतात, आणि चहाचा कप रिकामा होईपर्यंत पोरीचं रंगरूप, बोलणंचालणं सगळं नजरेखालून घालतात. ह्या वर्षी देवानंदने, वच्छलाबाईंच्या मुलाने, सडक अर्जुनीच्या, आपल्याच कोहळी जातीतल्या एका घरच्या माणसांना असंच चहाला बोलावलं होतं. वेळ चारची. पोरगी म्हणजे त्याची चंदा, वय सव्वीस, गोंदियाला एका दवाखान्यात नर्स.

आठ दिवसांपूर्वी चंदा सुट्टीवर आली, ती आजीच्या खाटेवर येऊन बसली आणि पाय हलवत राहिली.

"आजी, मले अर्जुनीले नाही जाचा."

"मंग कोठं जाचा?"

"तलावापल्याड."

वच्छलाबाईंच्या हातातली सुपारी हातातच राहिली. तलावापलीकडे ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची घरं. तिथल्या चुन्नीलालचा हिमांशु शाळेत चंदाच्या दोन वर्षं पुढे होता, आता तिरोड्याला वीज कारखान्यात तंत्रज्ञ होता. शांत, उंच, आणि बोलताना मान खाली घालणारा.

"कधीपासून?"

"दहावीपासून."

"अन् आता सांगून रायली? मी मेल्यावर सांगायची होती का?"

चंदा हसली आणि लगेच रडली. वच्छलाबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुझा बाप तोंडावर सांगितलेला ऐकत नाही. लहानपणापासून नाही ऐकत. पिक्चरमधला मात्र ऐकते."

हे खरं होतं. देवानंदला साऊथच्या पिक्चरचं वेड होतं. रोज संध्याकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर, बसून तो मोबाइलवर हिंदीत आवाज भरलेले पिक्चर पाही. नायकाने एका ठोशात सात माणसं उडवली की इकडे हा पाळीवर मांडी थोपटी.

तलाव हाच खरा गुंता होता. तो कोहळ्यांच्या वाडवडिलांनी बांधलेला. हे देवानंद रोज कुणाला ना कुणाला सांगे, आणि कुणी नसलं तर बैलांना सांगे. पाणी सोडायचं जुनं दगडी दार, ज्याला तुडूम म्हणतात, त्याची राखण त्याच्याकडे होती. तलावातले मासे ढिवरांचे, आणि त्यांच्या सोसायटीचा अध्यक्ष चुन्नीलाल. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी हवं म्हणून देवानंद तुडूम उघडायला जाई आणि मासोळीला पाणी राहू दे म्हणून चुन्नीलाल आडवा येई. वीस वर्षं दोघे पाळीवर उभे राहून घसा फाटेपर्यंत भांडत आले होते. भांडून झालं की एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खात. पण घरात वेगळं होतं. चुन्नीलालने आणलेली कच्ची मासोळी कापगत्यांच्या चुलीवर शिजे, नंदाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, शिजवलेली मात्र त्या उंबऱ्याच्या आत येत नसे. असं कुठे लिहिलं नव्हतं. कुणी बोलतही नव्हतं. सगळ्यांना आपलं माहीत होतं.

तर ठरलं असं. मंडईच्या दिवशी दुपारी घरच्या मोठ्या टीव्हीवर जातीबाहेरच्या प्रेमाचा एक चांगला साऊथचा पिक्चर लावायचा. चुन्नीलाल-नंदाबाईंना हिमांशुने घरी सांगितलेलंच होतं, त्यांना मंडईचा चहा म्हणून बोलवायचं. देवानंद एकदा पाघळला, की चार वाजायच्या आत वच्छलाबाईंनी विषय काढायचा. हिमांशुच्या खोलीवर एक तमिळ मुलगा राहत होता. त्याने 'बहुत बढिया लव स्टोरी' म्हणून एक पिक्चर पेन ड्राइव्हवर भरून दिला. हिमांशु आणि चंदाने त्यातली तीन गाणी पाहिली. गाणी फार सुंदर होती. शेवटपर्यंत कुणी पाहिलंच नाही.

मंडईच्या दिवशी एक वाजता ओसरी भरली. देवानंद मधल्या खुर्चीत. त्याची बायको मंदाबाई चिवड्याच्या ताटल्या वाटत होती. दोन खुर्च्या रिकाम्या असूनही चुन्नीलाल नेहमीप्रमाणे दाराशी, उंबऱ्याला टेकून बसला. नंदाबाई त्याच्या बाजूला, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. हिमांशुने टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

समुद्र दिसला. मिठागरं दिसली. डोक्यावर मिठाची टोपली घेतलेला एक सावळा पोरगा भराभर काहीतरी बोलला.

"हे तं हिंदीत नाही," देवानंद म्हणाला.

हिमांशुने बटणं दाबली. पोरगा तमिळच बोलत राहिला. चंदाचा चेहरा उतरला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात मंदाबाई ताटली ठेवत म्हणाली, "काऊन चिंता करता? मायले येते ना मद्रासी!"

सगळ्या माना वच्छलाबाईंकडे वळल्या. पन्नास वर्षांची बढाई अशी एका क्षणात वसुलीला आली. त्यांनी पदर सावरला, चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली.

"आवाज थोडा कमी करा," त्या म्हणाल्या, "नाहीतं माझा आयकू येणार नाही."

पहिला अर्धा तास सोपा गेला. पोरगा मिठागरातला, पोरगी नारळीच्या बागांच्या मालकाची. ती त्याच्याकडे पाहते, तो पाहत नाही. मग तो पाहतो, ती पाहत नाही. हे सांगायला मद्रासी लागत नाही. मध्ये पोरीने कुणाकडे तरी पाणी मागितलं. 'तन्नी' हा शब्द कानावर पडताच वच्छलाबाई इतक्या मोठ्याने "पाणी मांगून रायली!" म्हणाल्या की मंदाबाई दचकली. त्यानंतर कुणाला शंका राहिली नाही.

मग पडद्यावर देवळाचं तळं आलं. चौकोनी, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मध्ये मंडप. पोरीचा बाप वरच्या पायरीवर उभा राहून खालच्या मिठागरवाल्यांवर ओरडत होता. पण कवठाटोल्याच्या ओसरीत बापाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"तुडूम कोठं हाये ह्याले?" देवानंद पुढे सरकला.

"पाळ तं मजबूत दिसते," हिमांशु पहिल्यांदाच बोलला.

"अन् मासोळी?" दारातून चुन्नीलाल. "इतक्या पाण्यात मरळ नाही तं काय कामाचा?"

"तुले मरळच दिसते सगळीकडं. पाणी निघाचा कोठून ते पाय ना लेका!"

"निघाचाच कायले? राहू दे ना जागेवर!"

वच्छलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगा, तेच तं भांडून रायले ते!" त्या म्हणाल्या. "पोरीचा बाप म्हणते, पाणी माझ्या झाडायले पायजे. खालचे म्हणतात, थोडा आमच्यासाठी ठेव."

"बरोबर बोलतात खालचे," चुन्नीलाल म्हणाला.

"काय बरोबर? तलाव कोणी बांधला ते विचार त्यायले. माय, काय म्हणते तो?"

"तो म्हणते, माझ्या आज्यानं बांधला."

"हां!" देवानंदने मांडी थोपटली.

ओसरीत हशा झाला. मंडईकडून पाळण्याचा करकर आवाज आणि भोंग्याचं गाणं येत होतं, चिवडा संपत आला होता आणि सगळं कसं छान चाललं होतं. वच्छलाबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वादोन.

आता गोष्ट पुढे न्यायला हवी होती आणि पाच शब्द केव्हाच संपले होते. मग त्यांनी पडद्यावरच्या पोरीत वल्लीअम्मा पाहिली. त्यांना दुसरी कुठली अशी गोष्ट येतच नव्हती. वल्लीअम्माही नारळीच्या बागेतलीच. तिचा नवरा रेल्वेत फायरमन, जातीने तिच्या घरच्या अंगणातही न येऊ शकणारा. दोघं एका पावसाळ्यात पळाली आणि गाडी जिथपर्यंत नेईल तिथपर्यंत आली. हे तिने वच्छलाबाईंना सांगितलं होतं ते मोडक्या हिंदीत आणि हातांनी. बापाची मिशी हाताने, गाडीचा धूर हाताने, आणि आपण रात्रभर रडलो हे डोळ्यांखाली दोन बोटं ओढून.

"आता ही काय म्हणून रायली माहीत हाये?" वच्छलाबाई सांगू लागल्या. पडद्यावर पोरगी नुसती खिडकीत बसली होती. "ती म्हणते, बाबा, मी पळून जाऊ शकतो. गाडी हाये, टेशन हाये. पण मले पळून नाही जाचा. मले तुमच्या दारातून, तुमच्या हातानं जाचा हाये."

चंदाने ओढणी तोंडाला लावली. नंदाबाईने डोळे टिपले. "किती गुणाची पोरगी," ती म्हणाली.

 देवानंदने आईकडे एकदा वळून पाहिलं.

आणि मग पिक्चर फिरला.

पोरीकडचे लोक मशाली घेऊन मिठागरवाल्यांच्या वस्तीत शिरले. एक झोपडी पेटली.

"अवो काकू, हे काय?" नंदाबाई घाबरली.

"होळी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"होळी? घर जळून रायला ना!"

"तिकडं तसाच करतात. पोराचा लग्न ठरला की जुना घर जाळून नवा बांधतात."

"अन् हे काठ्या कायच्या?" चुन्नीलाल उठून उभा राहिला. पडद्यावर चौघे मिळून पोराला मारत होते.

"हळद लावून रायले."

"काठीनं?"

"मद्रासी हळद हाये ते. तुले काय समजते? बस खाली."

मंदाबाई हसू लागली ती थांबेना. पण वच्छलाबाईंना हसू येत नव्हतं. काठी कुठल्याही मुलखात काठीच असते, हे त्यांना कळत होतं. आपण कुठला पिक्चर लावून बसलो, हे आता कळत होतं. पोराच्या तोंडातून रक्त येत होतं, इकडे भिंतीला चिकटलेला हिमांशु पांढराफटक पडला होता, आणि वच्छलाबाई तोंडाने मात्र सांगत सुटल्या होत्या: सासरा कसा कबूल झाला, वरातीला किती बैलगाड्या होत्या, जेवणात काय होतं. साप्पाडू, साप्पाडू, म्हणत होत्या. पडद्यावर कुणी जेवत नव्हतं.

घड्याळात चारला दहा मिनिटं होती. त्यांनी दाराकडे पाहिलं. पाहुण्यांची जीप आली तर सगळंच गेलं. चार वाजले. जीप आली नाही. चार वाजून दहा मिनिटं झाली. पडद्यावर पोरगी पायऱ्यांवरून धावत खाली येत होती आणि तळ्यात काहीतरी तरंगत होतं.

"आता...," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पुढे त्यांना सुचेना. "आता ते..."

देवानंद उठला आणि त्याने टीव्ही बंद केला.

 मंडईतला भोंगा तेवढा वाजत राहिला.

"पोदुम," वच्छलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"माय," देवानंद म्हणाला, "तो पोरगा मरते."

"तुले कसा माहीत?"

"म्या दोनदा पायलो हा पिक्चर. हिंदीतला. पाळीवर बसून."

 मंदाबाई म्हणाली, "अन् तीन तास चुपचाप बसून आयकून रायले?"

"माय एवढ्या हौसेनं सांगून रायली होती. कायले मोडाचा?" तो खुर्चीत परत बसला. हाताची नखं पाहत म्हणाला, "अन् मायचा पिक्चर चांगला होता. त्या पिक्चरवाल्याले असा नाही सुचला."

"देवा," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "चार वाजून गेले. अर्जुनीचे पावने..."

"सकाळीच फोन करून दिलो. म्हटलं, नका येऊ."

चंदा उठून उभी राहिली. देवानंद तिच्याकडे न पाहता बोलत राहिला, जणू बंद टीव्हीशीच बोलतोय.

"पोळ्याच्या दिवशी हिमांशुच्या गाडीवर मागं बसून आली होती तू. तोंड बांधला होता ओढणीनं. बापाले का पोरीचे पाय ओळखू येत नाही? तवापासून माहीत हाये मले. लय राग आला होता. मंग एक दिवस हा पिक्चर लागला मोबाइलवर. शेवटी काय होते माहीत हाये? सगळे जातात. पोरगा जाते, पोरगी जाते. अन् तो बाप त्या पायरीवर एकटाच बसला रायते. तलाव त्याचाच. पण पाणी भराले कोणी येत नाही." तो चंदाकडे वळला. "मले तसा नाही बसाचा."

"मंग तोंडानं बोलाले काय झाला होता?" वच्छलाबाईंचा आवाज एकदम चढला. "तीन महिने पोरगी झुरून रायली. मी म्हातारी इथं काठीले हळद करून रायली!"

"कसा बोलू माय? वीस वर्षं चुन्नीलालसंगं भांडण सोडून दुसरा काही बोललोच नाही. सुरुवात कोठून कराची?"

दारातून चुन्नीलाल म्हणाला, "मले काय आवाज देता येत नव्हता का? रोज तं देतेस, शिव्यांसकट!"

देवानंद उठला. एक रिकामी खुर्ची उचलून त्याने चुन्नीलालपुढे ठेवली, मग ती पुरेशी आत नाही असं वाटून अजून दोन हात आत ओढली. "बस इथं. पंखा लागत नाही तिथं."

चुन्नीलाल खुर्चीच्या टोकावर बसला, जणू ती कुणी परत मागेल. नंदाबाई पिशवी छातीशी धरून तशीच खाली राहिली.

"त्या पिशवीत काय हाये वहिनी?" देवानंदने विचारलं. "एक वाजेपासून वास येऊन रायला."

नंदाबाई लाजली. "मरळ हाये भाऊ. बनवून आणली. आणली खरी, पण... म्हटलं परत नेऊ."

 मंदाबाईने सासूकडे पाहिलं. तेव्हा वच्छलाबाईंनी पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

"देवा, तुझ्या तोंडात पहिला घास कोणी घातला माहीत हाये? गोंदियाले उष्टावणाच्या दिवशी तुझा बाप ड्युटीवर, अन् मी तापानं फणफणत होती. वल्लीअम्मानं तुले मांडीवर घेतला अन् दहीभात भरवला. वरून थोडा लोणच्याचा खार लावला, मेलीनं. तू रडला नाही. आ करून आणखी मांगला. तुझी आजी मरेपर्यंत विचारत होती, पोराले पहिला घास कोणाचा? मी सांगितली, माझा." त्यांनी चष्मा काढला. "मी जे सांगत होती ना आज, ते तिचाच होता सारा. तिचा बाप अठरा वर्षांनी आला होता गोंदियाले, नातवायले पाहाले. टेशनावर उतरला अन् तिले पाहून त्याले बोलताच नाही आला. तिनं कोणाकडून तरी हिंदीत लिवून घेऊन चिठ्ठी पाठवली होती मले इकडं."

देवानंदने बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, "मंदा, ताटं काढ."

ताटं निघाली. नंदाबाईने डबा उघडला. रस्सा थोडा सांडला. देवानंदने भात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"काय गा?" चुन्नीलालने विचारलं.

"तिखट हाये," देवानंद म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्याने मनगटाने पुसलं. "लय तिखट हाये वहिनी."

"मंग नका खाऊ भाऊ..."

"नको कायले? वाढा ना अजून!"

मग मात्र ओसरीत जो आवाज उठला तो दंडारीलाही उठला नसेल. हिमांशु पाया पडायला वाकला तर देवानंद म्हणाला, "पाया नंतर पड, आधी पेन ड्राइव्ह काढ टीव्हीतून, तापून रायला." चुन्नीलालने तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "मंग व्याही, ह्या वर्षी तुडूम पंधरा दिवस थांबवशील ना?"

"सोयरिक वेगळी, पाणी वेगळा. परवा सकाळी उघडतो."

"बघतो कसा उघडतेस ते!"

"ये ना पाळीवर!"

नंदाबाई आणि मंदाबाई एकमेकींकडे पाहून हसल्या. चंदा आजीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

ऊन उतरल्यावर सगळे मिळून मंडईला निघाले. रस्त्यात लोक वळून पाहत होते, पाहोत. वच्छलाबाई लेकाचा हात धरून मागून चालत होत्या. पाळण्याजवळ आल्यावर त्यांनी त्याला थांबवलं.

"देवा, खरा सांग. मी सांगत होती त्यातला बरोबर किती होता?"

देवानंदने विचार केला.

"तन्नी," तो म्हणाला. "तेवढा बरोबर होता."